कळसाखाली तीन ओळी

ऐंशी सालच्या आसपास माझ्याकडे अकरा जुने कॅमेरे होते आणि सात सुट्या लेन्स. अकरापैकी चार चालत नव्हते. घरी येणारे विचारायचे, की न चालणारे कशाला ठेवलेत? मी म्हणायचो, अजून चालत नाहीत.

ते बहुतेक देवळालीहून आलेले. छावणीतल्या कुणाची बदली झाली, की घर आवरताना कपाटाच्या तळाशी एखादा भात्याचा कॅमेरा निघायचा. चामडं वाळलेलं, पितळेवर हिरवट डाग. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर मायक्रोमीटरने दांडे मोजायचे आणि जो बसत नाही तो बाजूला काढायचा, हे काम. संध्याकाळी घरीही मी तेच करत असे. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत छोटा दिवा सोडून भोकं मोजायची. ग्रामोफोनच्या तबकडीवर पांढरी पट्टी चिकटवून, ती फिरत असताना तिचा फोटो काढायचा आणि पट्टी किती अंश पसरली यावरून शटरचा वेग काढायचा. एका कॅमेऱ्याचा सेकंदाचा शंभरावा भाग प्रत्यक्षात बासष्टावा भरला. हे सगळं एका वहीत लिहिलेलं होतं. मला त्या वहीचा अभिमान होता. कॅमेऱ्यांपेक्षा जास्तच, असं माझी बायको म्हणायची.

या छंदातला माझा जोडीदार म्हणजे माझे सासरे. त्यांना घरातले सगळे दादा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि पंचवटीतल्या एका अरुंद गल्लीत, नदीपासून दीडशे पावलांवर राहत होते. मुलगी बघायला गेलो तेव्हा खुंटीला कॅमेऱ्याची पेटी टांगलेली दिसली आणि मी तिच्याबद्दल विचारलं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं तेच बोललो. लग्नानंतर कितीतरी वर्षं बायको विचारायची, "तुम्ही नक्की कुणाला पसंत केलं होतंत?"

दादांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या आजारात गेला होता. ते त्याचं दुःख करत नसत. "फोटो काढताना लोकांना एक डोळा मिटावा लागतो, माझा आधीच मिटलेला," असं म्हणत. त्यांचा कॅमेरा एकच होता, लेन्समधूनच आरपार दिसणारा, आणि लेन्स दोन. एक रोजची. दुसरी एकशे पस्तीस मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. ही दुसरी त्यांनी देवळालीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून मिळवली होती. त्या घरच्या मुंजीचे सगळे फोटो काढून दिले आणि मोबदला म्हणून ही मागून घेतली. ती हातात घेताना ते आधी धोतराला हात पुसत.

मग त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, "घाई करू नका. दोन डोळे असते तर मी म्हटलं असतं, एक करून बघू. तुमचा एकच आहे. रोजची कामं अडायला लागली, की मला येऊन सांगा, तेव्हा काढू." त्या काळी मोतीबिंदू पिकायची वाट बघत. म्हणजे ठरवायचं होतं ते दादांच्याच सांगण्यावरून.

"पण अडतंय हे मला कळणार कसं?" दादांनी मला विचारलं. "रोज थोडं थोडं कमी झालं तर माणसाला सवय होते."

उपाय मी सांगितला. कारखान्यात जे करतो तेच. मापाचं साधन एकच ठेवायचं, जागा एकच, वेळ एकच. दादांच्या गच्चीवरून नदीपलीकडे, नाशिकच्या बाजूला, एका देवळाचं शिखर दिसतं. कळसाखाली शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी आहेत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सूर्य देवळामागे उतरत असताना एकशे पस्तीसच्या लेन्समधून पाहायचं आणि किती ओळी मोजता येतात ते लिहायचं. उजेडाकडे तोंड करून पाहायचं, कारण मोतीबिंदू तिथेच पहिल्यांदा त्रास देतो. खंडेनवमी अशासाठी, की त्या दिवशी दादा आपली हत्यारं पूजत. लोहार हातोडा पूजतो तसे ते कॅमेरा आणि दोन्ही लेन्स पाटावर मांडून हळदकुंकू वाहत. काचेवर नव्हे, पेटीवर.

पहिल्या वर्षी सात ओळी. दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी सहा. हे आकडे माझ्या वहीत आहेत.

चौथ्या वर्षी ज्येष्ठातच नदी फुगायला लागली. त्याआधीच्या पावसाळ्यात पुराचं पाणी दादांच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. दादांनी ती लेन्स रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणली.

"जावईबापू, पाऊस सरेपर्यंत ही तुमच्याकडे. तुमच्या कपाटात सुईसुद्धा गंजत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "माझे दागिने कुणाकडे ठेवायचे ते नाही सुचत यांना."

"दागिन्यांना पाणी लागत नाही," दादा म्हणाले.

मी लेन्स मऊ कापडात गुंडाळली. कापडासकट चामड्याच्या डब्यात घातली, डब्यात दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबरबँड. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात सगळ्यात मागे ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. पावसाळाभर उघडायची नाही, म्हणजे ओल आत जाणार नाही, हा माझा नियम. माझ्या स्वतःच्या सात लेन्स तशा जपलेल्या नव्हत्या. त्या खिडकीशेजारच्या फळीवर उघड्याच असत, कारण मी त्या सतत हाताळायचो.

चार महिन्यांनी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, मी ती पिशवी सोडली. चामड्याला कुबट वास येत होता. लेन्स खिडकीकडे धरून आरपार पाहिलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे कडेपासून मध्यापर्यंत पसरले होते. बुरशी. कपाटाच्या पाठीमागे न्हाणीघराची भिंत होती. ओल पॅकिंगच्या आधीच आत गेली होती, आणि मी तिला अंधार, उबारा आणि चामडं असं सगळं देऊन वर कुलूप घातलं होतं. फळीवरच्या माझ्या सात लेन्स मी एकेक करून पाहिल्या. सातही स्वच्छ. त्यांना रोजचं ऊन आणि वारा मिळत होता.

पुढचे तीन दिवस मी ती लेन्स उघडून पुसण्यात घालवले. कड्या सोडवायला कारखान्यातून पातळ पट्टी घासून आणली. धागे स्पिरिटने निघाले, पण त्यांच्या खुणा काचेत राहिल्या. बुरशीने काचेवरचा निळसर लेप खाल्ला होता. शिवाय पुसताना माझ्याकडून मधोमध बारीक ओरखडे गेले. उजेडाकडे पाठ करून पाहिलं तर फार कळत नव्हतं. उजेडाकडे तोंड केलं की सगळं दुधाळ दिसे.

सांगायचं ठरवलं होतं. खंडेनवमीला सकाळी जाऊ, पूजेआधी सांगू. सकाळी गेलो तर पाट मांडलेला, सासूबाईंची भाजणी चाललेली, दादा नवं धोतर नेसून वाटच बघत होते. माझ्या हातातून लेन्सचा डबा घेऊन त्यांनी तो कपाळाला लावला.

"जशी दिली तशी आली," ते सासूबाईंना म्हणाले. "मुलगी दिली तेव्हा एवढी खात्री नव्हती."

"दादा!" बायको ओरडली, आणि सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी आम्ही चौघं गच्चीवर गेलो. दादांनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, कठड्याला कोपर टेकलं आणि देवळाकडे पाहिलं. नेहमी ते मोठ्याने मोजत. या वेळी मनातल्या मनात मोजलं. कॅमेरा खाली घेतला, डोळा पुसला, पुन्हा लावला.

"तीन," ते म्हणाले.

मी वहीत तीन लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं.

"कळसाच्या भोवती पांढरा गोल दिसतोय. पिकला म्हणायचा."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, सकाळी तर पेपर वाचलात."

"पेपर सवयीने वाचतो माणूस. ही काच खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे वळून, "काय जावईबापू? साधन तेच, जागा तीच, वेळ तीच. म्हणजे फरक डोळ्यातच ना?"

तपासणी विभागात नवीन माणूस आला, की पहिल्या दिवशी मी त्याला एक गोष्ट शिकवत असे. मोजण्याआधी साधन तपासायचं. माप चुकलं तर आधी साधनावर संशय घ्यायचा, मग मालावर. मी तिथे उभा होतो. म्हणालो, "डॉक्टरांना एकदा दाखवू."

पुढे सांगायला रोज संधी होती. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला गेलो तेव्हा होती. कोजागरीला होती. दिवाळीत पाडव्याला तर आम्ही दोघंच ओट्यावर तासभर बसलो होतो. प्रत्येक वेळी वाटे, आज सांगितलं तर विचारतील, त्याच दिवशी का नाही बोललात? आणि जितके दिवस जात तितकं त्या प्रश्नाचं वजन वाढे. मी एक वाकडा हिशेब मनाशी धरला होता. मोतीबिंदू तर आहेच. मागच्या वर्षी सहा होत्या, या वर्षी पाच झाल्या असतील, कदाचित चार. तीनमधलं थोडं लेन्सचं आणि थोडं डोळ्याचं. किती कशाचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याचा मी आधार घेत होतो. ठाऊक करून घेणं अवघडही नव्हतं. माझ्या फळीवर एकशे पस्तीसची एक स्वच्छ लेन्स होती, चढवून पाहायला दोन मिनिटं लागली असती. पण ती घेऊन गेलो असतो तर कशाला आणली तेही सांगावं लागलं असतं.

दादा मात्र कामाला लागले होते. डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी सांगितलं, की आता अडतंय. पण दवाखान्यात ताबडतोब जागा नव्हती. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, सिन्नरला तुळशीच्या लग्नानंतर नेत्रशिबिर आहे, तिथे लगेच करतात. दादांनी नाव घातलं. फोटो धुवायच्या थाळ्या आणि लाल दिवा त्यांनी गल्लीतल्या एका फोटोवाल्याला देऊन टाकला. ऑपरेशनचं बरंवाईट झालं तर वस्तू धूळ खात पडायला नकोत, असं म्हणाले.

तुळशीचं लग्न लागलं त्या संध्याकाळी बायको उसाचे तुकडे गोळा करत होती.

"तुम्ही हल्ली फळीकडे फिरकत नाही," ती म्हणाली. "महिना झाला. वहीसुद्धा उघडली नाहीत. काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं. बुरशी, ओरखडे, तीन ओळी. ऐकताना तिच्या हातातला ऊस तसाच राहिला.

"माझ्या बापाला एकच डोळा आहे, अहो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत असून?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "कशासाठी? एका काचेसाठी?"

"काचेसाठी नाही. ते म्हणाले होते, तुमच्या कपाटात सुईसुद्धा गंजत नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. "उद्या सकाळी तुम्हीच त्यांना घेऊन जाताय ना सिन्नरला?" ती म्हणाली. "मी आत्ता जाऊन सांगू शकते. पण मी सांगितलं तर तुमचं काम मी केल्यासारखं होईल. सिन्नर यायच्या आत सांगा. नाही सांगितलंत तर घरी परत येऊ नका."

सकाळी दादा तयार होते. एका पिशवीत चादर, तांब्या आणि धुतलेला पंचा. एसटीत खिडकीची जागा त्यांनी मागून घेतली. "बघून घेतो. परत येताना पट्टी असेल."

द्वारका गेलं. नाशिकरोड गेलं. शिंदे, पळसे. शेतांत कांद्याची लावणी चालली होती. दादा एकेक सांगत होते, "ती बघा, पाटावर बाई बसलीय, लाल पातळ." लाल पातळ मलाही तेवढंच दिसत होतं. मोहदरीचा घाट लागला, गाडीने गियर बदलला, आणि आता पुढे फक्त सिन्नर आहे हे कळून मी बोललो.

"दादा, लेन्सला बुरशी लागली होती. माझ्याकडे असताना. खंडेनवमीला तुम्हाला जे दिसलं त्यात ती होती."

त्यांनी मान वळवली. त्यांना मला पाहायला पूर्ण मान वळवावी लागे, कारण मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"वहीत तीन लिहिलंत तेव्हा?"

"हो."

घाट संपेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. सिन्नरला उतरलो. शिबिराची पाटी स्टँडवरूनच दिसत होती. तिच्याखाली डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं हात धरून रांगेत उभी होती. दादांनी त्या रांगेकडे पाहिलं. मग हॉटेलात जाऊन दोन चहा सांगितले.

"चौतीस दिवस," चहा संपल्यावर ते म्हणाले. मोजण्याचं काम माझं, पण मोजले त्यांनी. "पोरीला केव्हा सांगितलंत?"

"काल."

"म्हणून तोंड उघडलंत." ते उठले. "चला, नाशिकची गाडी लागलीय."

परतीच्या वाटेवर ते खिडकीशी बसले नाहीत.

ते मला वाईट बोलले नाहीत, आजपर्यंत नाही. घरी येणं-जाणं चालू राहिलं. पण दुसरंच काही बिघडलं होतं. दादांचा कुठल्याच मापावर विश्वास उरला नाही. पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी माझी स्वच्छ एकशे पस्तीस घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली नाही. "हिला काय झालंय ते कधी सांगणार, चौतीस दिवसांनी?" हसत म्हणाले, पण कॅमेरा डोळ्याला लावला नाही. दिसेनासं होत गेलं तरी ते खापर दुसऱ्यावर फोडत. चष्म्याची काच जुनी झाली. दिव्याचा दाब कमी आहे. हवेत धूळ आहे. सासूबाई डॉक्टरांचं नाव काढत तेव्हा म्हणत, "मागे एकदा अशीच घाई केली होती." त्यानंतरच्या उन्हाळ्यात गच्चीच्या जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालायला मीच घेऊन गेलो. वाटेत रिक्षात ते एवढंच म्हणाले, "पायरीला बुरशी नव्हती बहुतेक."

मग ऑपरेशन झालं, नाशिकमध्येच, त्याच डॉक्टरांकडे. नीट झालं. जाड भिंगांचा चष्मा आला आणि दादा आठ-दहा दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूजवळ जाऊन तिचा रंग सांगत राहिले.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी निरोप पाठवला, ती लेन्स घेऊन या. ती, खराब. सिन्नरहून परतल्यावर त्यांनी ती मलाच देऊन टाकली होती आणि मी ती खिडकीच्या फळीवर उन्हात उघडी ठेवली होती. बुरशी पुढे वाढली नव्हती. दर महिन्याला पाहत होतो, खुणा तेवढ्याच होत्या.

पाटावर तिला हळदकुंकू मिळालं. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो, या वेळी दोघंच. त्यांनी चष्म्यासकट डोळा कॅमेऱ्याला लावला, लेन्सची कडी फिरवून कळस नीट जुळवला आणि मोजायला लागले. मोठ्याने.

"एक. दोन. तीन."

थांबले.

"पांढरा गोलही तोच," ते म्हणाले. "अगदी हेच दिसलं होतं तेव्हा."

मग त्यांनी लेन्स उतरवून त्यांची रोजची चढवली. तिच्यात देऊळ लहान दिसतं, पण त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि सावकाश मोजलं. सात झाल्या.

मला हिशेब सांगावा लागला नाही. आताचा डोळा स्वच्छ होता आणि त्या लेन्समधून त्याला तीनच दिसत होत्या. म्हणजे त्या दिवशी तीनमध्ये डोळ्याचं काहीच नव्हतं. सहाच्या तीन झाल्या, त्या तिन्ही ओळी माझ्या कपाटात गेल्या होत्या. थोडं लेन्सचं, थोडं डोळ्याचं, असं म्हणत मी त्यांना ज्या घाटापर्यंत नेलं, तिथे न्यायचं कारणच नव्हतं.

"वही आणलीय?" दादांनी विचारलं.

आणली होती. त्यांनी ती उघडून तीन लिहिलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"इथे शेरा लिहा. साधन सदोष."

मी लिहिलं. उजेड कमी होत होता म्हणून त्यांनी पान माझ्यासाठी देवळाच्या बाजूला तिरकं धरलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून पाहिलं, चष्मा सावरून, पान थोडं लांब धरून.

"तारीख आजची घाला," ते म्हणाले. "त्या दिवशीची नको."